आपत्काळ आणि आपली नगरसेवा

(समाजाच्या वार्षिक संमेलनात येवला येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती आणि धंद्याची स्थिती या विषयांवर विचार मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. यंदा बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही कार्यकारी मंडळाकडे थोडी मोकळीक मागून घेतली. आज आम्ही ज्या विषयाबद्दल बोलणार आहोत तो वरवर पाहता ज्ञातीचा नाही. तो गावाचा आहे. परंतु समाज हा गावातच राहतो. गावाचा नळ आटतो तेव्हा तो जात विचारून आटत नाही आणि गटार तुंबते तेव्हा ते कुणाच्या दारात तुंबावे याचा विचार करीत नाही. संकटाच्या दिवसांत नगराच्या अत्यावश्यक सेवा, म्हणजे पाणी, दिवाबत्ती, सफाई, दवाखाना, अग्निशमन आणि अंत्यविधीची व्यवस्था, अखंड कशा चालाव्यात व त्यांत आपला वाटा कोणता, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम या सेवांचे मूळ पाहू. १८५० सालच्या सव्विसाव्या कायद्याने आपल्याकडील शहरांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली. येवल्याची नगरपालिका १८५८ सालची. त्याच वर्षी येवल्याचे सुपुत्र तात्या टोपे मध्य हिंदुस्थानात इंग्रजी फौजांशी झुंजत होते. एकीकडे तो रणसंग्राम आणि दुसरीकडे रस्ते, दिवे व गटारे यांचा हिशेब ठेवणारी ही लहानशी संस्था, अशी दोन्ही स्मरणे एकाच सालाशी बांधलेली आहेत. पहिल्याचे स्मरण आपण अभिमानाने करतो. दुसरीची आठवण आपल्याला नळाला पाणी आले नाही म्हणजेच होते.

पुढे १९६५ साली महाराष्ट्राचा नगरपरिषदांचा कायदा झाला. त्यात नगरपालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे आणि ऐपतीप्रमाणे करावीत अशी कामे निरनिराळी सांगितली आहेत. बाग, वाचनालय, नाट्यगृह ही ऐपतीची कामे झाली. पुरेसे पाणी, रस्त्यावरील दिवे, सफाई, आग विझविणे, दहन-दफनाच्या जागा, जन्ममृत्यूची नोंद ही केलीच पाहिजेत अशी कामे होत. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेला राज्यघटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत तिचे अठरा विषय नमूद केले. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. स्थानिक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना संकटाच्या कामाचे शिक्षण द्यावे आणि लागणारी साधने केव्हाही हाताशी येतील अशी जपून ठेवावीत, असे कर्तव्य त्याच्या ४१व्या कलमात सांगितले आहे. म्हणजे कायदा अपुरा आहे असे कुणी म्हणू शकणार नाही. कायद्याचे शब्द आणि भर उन्हाळ्यातील एखादी गल्ली यांमधले अंतर कसे भरून काढावे, हाच प्रश्न आहे.

नगराच्या सेवा एकमेकींवर कशा अवलंबून असतात हे आपल्या येवल्याच्या पाण्यावरूनच पाहता येईल. कादवा नदीवरील पालखेड धरणातून डावा कालवा निघतो. त्याचे आवर्तन सुटले म्हणजे निफाडाकडून येणारे पाणी आपल्या साठवण तलावात घेतले जाते. तेथून ते उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, टाकीवर चढवावे लागते आणि मग गल्लोगल्लीच्या चाव्या फिरवून सोडावे लागते. यांपैकी उपशाला वीज लागते, शुद्धीकरणाला तुरटी व ब्लीचिंग पावडर लागते आणि चावीला माणूस लागतो. आवर्तन लांबले, वीज गेली, पावडर संपली किंवा माणूस आजारी पडला, तर परिणाम एकच: घागर रिकामी. आणि घागर रिकामी राहिली म्हणजे संडास अस्वच्छ राहतात, रोगराई वाढते, दवाखाना भरतो, आणि त्या दवाखान्यालाही पाणी नसते. ही साखळी शांततेच्या दिवसांत दिसत नाही. संकट आले म्हणजे तिची प्रत्येक कडी मोजून दाखविली जाते.

महाराष्ट्राने अशी मोजदाद अनेकदा पाहिली आहे. त्यांपैकी तीन प्रसंग आपणांसमोर ठेवतो.

पहिला प्रसंग पुण्याचा. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याचे बांधकाम पुरते झालेले नव्हते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली होती. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि मुठेने नदीकाठच्या पेठा बुडविल्या. घरे पडली, माणसे गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसाचे दुसरे दुःख मात्र कमी सांगितले जाते. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याहूनच येत असे. म्हणजे ज्या पाण्याने शहर बुडविले, त्याच्याच आघाताने शहराचे नळही कोरडे पडले. पूर ओसरल्यावर चिखलात उभ्या असलेल्या शहराला प्यायला पाणी नव्हते. तेव्हा नळ आल्यापासून ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्या वाड्यांतील जुन्या विहिरी व आड लोकांना आठवले. पुढे पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यांनी ते ज्या तडफेने केले त्याची आठवण पुण्याची जुनी माणसे काढीत असत. आपण त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, ज्या शहराला पाण्याचा एकच मार्ग आहे, त्या शहराने आपला दुसरा मार्ग बुजवून टाकू नये.

दुसरा प्रसंग लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी आटले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागू करावी लागली. घागरीवरून माणसे माणसांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून असा हुकूम काढावा लागतो, यापेक्षा अधिक वाईट ते काय असावे? मग १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. सुमारे ३४० किलोमीटरांवरून कृष्णेचे पाणी मांजरेच्या काठी आले. वर्तमानपत्रांनी गाडीची छायाचित्रे छापली आणि ती छापण्यासारखीच होती. परंतु गाडी स्थानकावर आल्यावर पाणी कुणाच्या घरी आपोआप जात नाही. ते उतरवून घ्यावे लागते, शुद्ध करावे लागते, टँकरने प्रभागाप्रभागांत पोहोचवावे लागते, आणि कुणाला किती दिले याची नोंद ठेवावी लागते. गाडीची आठवण सर्वांना आहे. तिच्यापुढची ही शेवटची दोन मैलांची वाट ज्यांनी महिनोन्‌महिने चालविली त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

तिसरा प्रसंग कोल्हापूरचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शहराला पाणी पुरविणारी उपसा केंद्रे नदीकाठीच असल्याने ती पुराखाली गेली. चहूकडे पाणीच पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी स्थिती त्या संपन्न शहराची झाली. पूर उतरू लागला तरी मोटारी वाळवून, दुरुस्त करून उपसा पूर्ववत होईपर्यंत शहराला टँकरवर राहावे लागले. नदीचे पाणी घ्यायचे तर उपसा नदीजवळच हवा, हे खरे. परंतु पूर किती चढतो याची आठवण यंत्रे बसविताना धरली पाहिजे.

पुण्याला दुसरा मार्ग हवा होता, लातूरला साठा हवा होता, कोल्हापूरला उंच जागा हवी होती. तिन्ही ठिकाणी माणसांनी पराक्रम केला यात शंका नाही. पण पराक्रम करावा लागला, याचाच अर्थ आधी काहीतरी राहून गेले होते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, खणलेली विहीर तहान नसतानाही उपसून ठेवावी.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. तो सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्यात दोष प्रथम इतरांचा वाटतो आणि शेवटी आमचाच निघतो.

येवल्याबाहेरच्या एका लहान शहरात आमचे काही वर्षे वास्तव्य होते. त्या शहराचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. २४ मार्च २०२० रोजी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली हे आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. त्या आदेशात सारे बंद आणि काही थोडे चालू, असे दोन भाग होते. नगरपालिकांबद्दल त्यात असे म्हटले होते की, सफाई आणि पाणीपुरवठा यांसारख्या अत्यावश्यक सेवांपुरतेच कर्मचारी कामावर राहतील. आपण सर्व घरात बसलो. आपले माग थांबले, पैठण्या घडीत राहिल्या, गिऱ्हाईक दिसेना. त्याच वेळी झाडूवाला, घंटागाडीवाला, पंपावरचा माणूस आणि पाण्याची चावी फिरविणारा, एवढे मात्र रोज उंबरठ्याबाहेर पडत होते. त्यांना घरी बसण्याची मोकळीक नव्हती.

आमच्या गल्लीत पाणी सोडणारे एक वयस्कर गृहस्थ होते. वीस वर्षे तेच चावी फिरवीत असत. मे महिन्यात त्यांच्या वस्तीत रुग्ण निघाला, बांबू बांधून वस्ती बंद झाली आणि ते विलगीकरणात गेले. त्यांच्या जागी दुसरा तरुण पाठविण्यात आला. त्याच्याजवळ लोखंडी चावी होती, परंतु कोणते झाकण कुठे आहे याची वही नव्हती. तशी वही कधी कुणी केलीच नव्हती. हमरस्त्यावरच्या चार चाव्या त्याने फिरविल्या. आमच्या गल्लीची त्याला सापडेना. एक दिवस पाणी आले नाही, दुसऱ्या दिवशी आले नाही. आम्ही आणि शेजारी त्या तरुणाला वाटेल तसे बोललो. कार्यालयात फोनवर फोन केले. मे महिन्याचे ऊन, घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध आई, हात धुवा हात धुवा असा दिवसभर उपदेश, आणि हंड्यात पाणी नाही. आमचे बोलणे अनावर झाले, हे आम्ही कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाने विलगीकरणातील वृद्ध गृहस्थांना फोन लावला आणि तो आमच्या हाती दिला. ते शांतपणे म्हणाले, “काका, तुमच्या ओट्याची तिसरी पायरी आहे ना, तिच्याखाली झाकण आहे.”

बंधुभगिनींनो, तो ओटा आम्हीच दोन वर्षांपूर्वी बांधला होता. बांधताना हेच गृहस्थ येऊन म्हणाले होते की, खाली चावीचे झाकण आहे, तेवढी जागा सोडा. आम्ही हो म्हटले, त्यांच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवले आणि गवंड्याला पायरी पुरी करावयास सांगितली. तेव्हापासून ते वरच्या चौकातील चावी अर्धी फिरवून, पाण्याचा दाब आमच्या गल्लीकडे वळवून आम्हांला पाणी देत होते. ती युक्ती त्यांनीच शोधलेली आणि त्यांनाच ठाऊक होती. दोन वर्षे आमचे नळ त्या एका माणसाच्या मेहेरबानीवर चालले होते, आणि आम्ही मात्र ते पाणीपट्टीवर चालतात असे समजत होतो.

पायरी आम्ही हातोड्याने स्वतः फोडली. पाणी आले. ते गृहस्थ पंधरा दिवसांनी बरे होऊन परतले तेव्हा आम्ही त्यांना घरात बोलावले. ते ओट्यावरच उभे राहिले. आत येण्याची त्यांना सवय नव्हती, कारण वीस वर्षांत आम्ही त्यांना कधी आत बोलावलेच नव्हते. पाणी ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवीत होते आणि स्वतः दाराबाहेर राहत होते.

ही गोष्ट येवल्यात सांगताना आम्हांस विशेष जड जाते. याच भूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपली धर्मांतराची घोषणा केली. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. नगराची सफाई करणारे हात आजही बहुतांशी त्याच समाजांतून येतात ज्यांना आपल्या वाडवडिलांनी पाणवठ्यापासून दूर ठेवले. २०२० साली सर्वांना एकमेकांपासून अंतर राखण्यास सांगण्यात आले तेव्हा आपणांस ते किती अवघड वाटले! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते अंतर सोसले, तेच त्या दिवसांत आपल्या दारातील कचरा उचलीत होते. ज्ञातीच्या संमेलनात हा विचार बोलून दाखविणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो. ज्ञातीचा अभिमान दुसऱ्याला दाराबाहेर उभे करून टिकत असेल तर तो अभिमान संकटाच्या पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

येथे विश्वासाचा मुद्दा येतो. साधने असली, हुकूम असला, तरी लोकांचा विश्वास नसेल तर सेवा चालत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घराघरांत गोरे सोजीर तपासणीला शिरू लागले. हेतू रोग रोखण्याचा असेल, परंतु रीत अशी की लोकांनी रोगीच लपविले, आणि लपविलेल्या रोग्याबरोबर रोगही लपून राहिला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन प्रकारची सेवा लोकांनी पाहिली. एकीपासून लोक पळाले, दुसरीकडे लोकांनी आपले आजारी विश्वासाने सोपविले.

दुसरे उदाहरण सुरतेचे. आपल्या पैठणीची जर सुरतेहून येते, म्हणून ते शहर आपणांस परके नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून निघून गेली. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर आणले आणि सफाईचे काम डोळ्यांदेखत होऊ लागले. घाणीसाठी ओळखले जाणारे शहर थोड्या काळात देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. माणसे तीच, गल्ल्या त्याच. बदल झाला तो एवढाच की, नेहमीचे काम नेहमी होऊ लागले. साथीशी लढण्याची खरी तयारी साथ नसताना होते, हे सुरतेने दाखवून दिले.

तेव्हा करावे काय? आपण विणकर मंडळी. आपल्याच मागाकडे पाहू. पैठणी विणणारा कारागीर धोट्यातील कांडी संपल्यावर नवी कांडी भरावयास बसत नाही. घरातील बायकामुलांनी भरलेल्या कांड्या त्याच्या हाताशी असतात. ताण्याचा धागा तुटला तर तो लगेच सांधतो. पुढे चार बोटे विणून मग मागे पाहू, असे म्हणत नाही, कारण तसे केले तर दोष कापडात राहून जातो. विणणारा आजारी पडला तर घरात दुसरा कुणी ती नक्षी जाणणारा असतो. नगराचा कारभारही याहून फार निराळा नाही. त्याला तीन गोष्टी हव्यात: दुसरा माणूस, वही आणि साठा.

दुसरा माणूस म्हणजे प्रत्येक चावी, प्रत्येक पंप, प्रत्येक स्मशानाची व्यवस्था किमान दोघांना ठाऊक असावी. एकालाच ठाऊक असलेले काम हे काम नव्हे, ती उसनवारी होय. वही म्हणजे कोणते झाकण कोठे, कोणती वाहिनी कोठून गेली, कोणत्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले रुग्ण किती, कोणाच्या वाड्यात विहीर आहे, याची नोंद. ती कार्यालयात तशीच प्रभागातही असावी, आणि वीज गेली तरी वाचता यावी म्हणून कागदावरही असावी. साठा म्हणजे पावडर, डिझेल, सुटे भाग, हातमोजे, गमबूट आणि काही दिवस पुरेल इतके पाणी. यात मोठ्या शहाणपणाची गरज नाही. सातत्याची मात्र आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी कामगाराचा पगार वेळेवर होणे हे आहे. आज पुष्कळ ठिकाणी ही कामे ठेक्याने दिली जातात. ज्याच्या पगाराचा भरवसा नाही, त्याच्याकडून संकटाच्या दिवसाचा भरवसा मागणे न्यायाचे नव्हे.

हे झाले नगरपालिकेचे काम. परंतु तिच्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आमची पायरी आम्हीच बांधली होती. म्हणून समाजातील घराघरांसाठी आणि आपल्या संस्थेसाठी काही सूचना नम्रपणे मांडतो.

एक: आपल्या घराच्या पायऱ्या, ओटे, टपऱ्या, पत्रे यांच्याखाली कोणते झाकण, कोणता नाला दबला आहे, हे प्रत्येकाने येत्या महिन्यात पाहावे, आणि दबला असेल तर कुणी सांगण्याची वाट न पाहता मोकळा करावा. खर्च आपलाच; चूकही आपलीच.

दोन: ज्या वाड्यांत जुने आड व विहिरी आहेत त्यांनी त्या कचऱ्याने बुजवू नयेत. वर्षातून एकदा गाळ काढावा व पाणी तपासून घ्यावे. पिण्यास न चालले तरी धुण्याभांड्यास, संडासास आणि आग विझविण्यास ते चालते, आणि तेवढे चांगले पाणी पिण्यासाठी वाचते.

तीन: घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरावी. सभेत नगरपालिकेवर टीका करणाऱ्याने आधी आपली पावती खिशात ठेवावी. पुढे होऊन बोलण्याचा अधिकार त्या पावतीने येतो.

चार: आपल्यातील तरुणांपैकी वीजतंत्री, नळकारागीर, परिचारिका, औषधविक्रेते, वाहनचालक यांची यादी आपल्या संस्थेने करावी आणि ती नगरपालिकेच्या व तहसील कार्यालयाच्या स्वाधीन करावी. आपली यादी वधूवरांपुरतीच असते. या यादीनेही अनेकांचे संसार वाचतील.

पाच: ही सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या समाजाचे हे सभागृह आपण वर्गणी काढून, पै पै जमवून उभारले. मुंजी, विवाह, सभा यांसाठी ते आपणांस प्रिय आहे. पूर, आग, साथ किंवा पाणीटंचाई यांपैकी कोणतेही संकट गावावर आले, तर या सभागृहाच्या किल्ल्या त्याच दिवशी नगरपालिकेच्या हाती द्याव्यात, असा ठराव आपण आजच करावा. आत कोण झोपेल, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याची अट त्यात नसावी. संकट आल्यावर असा ठराव करावयास बसलो तर चर्चा लांबेल, मने कचरतील, कुणी म्हणेल भांडी बाटतील, कुणी म्हणेल फरशी खराब होईल. आज संकट नाही. आज मन मोठे करणे सोपे आहे. आणि आज जे लिहून ठेवू, ते त्या दिवशी आपणांस बांधील.

काही ज्येष्ठ मंडळींना ही शेवटची सूचना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. त्यांच्या श्रमांतून ही वास्तू उभी राहिली आहे आणि त्यांचा शब्द आम्हांस शिरोधार्य आहे. त्यांना एवढेच विनवितो की, ज्या गावाने आपल्या मागांना जागा दिली, आपल्या पैठणीला आपले नाव दिले, त्या गावाचे देणे आपल्याकडे आहे. ते फेडण्याची संधी सुखाच्या दिवसांत मिळत नसते.

माताभगिनींना एक विशेष विनंती. घरात पाणी किती आहे, कुणाचे औषध कधी संपते, शेजारची आजी एकटी आहे की नाही, हे पुरुषांना ठाऊक नसते, तुम्हांला असते. नगराच्या वहीतील अर्धी पाने तुमच्याजवळ आहेत. महिला मंडळाने गल्लीवार अशी नोंद ठेवली तर कोणत्याही अधिकाऱ्याला तिच्याइतकी खरी माहिती मिळणार नाही.

आमचे बोलणे येथे संपते. ते चावीवाले गृहस्थ पुढे निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी त्या तरुणाला घेऊन सारे गाव पायी हिंडून दाखविले, आणि आमच्या मुलाने त्यांच्यासोबत फिरून साध्या शंभर पानी वहीत प्रत्येक झाकणाची जागा लिहून घेतली. कुणाच्या हुकुमाने नव्हे. आमच्या पायरीची लाज वाटली म्हणून. ती वही पुढे कार्यालयात जमा झाली. आमच्या घराण्याकडून सार्वजनिक कार्य म्हणून काही घडले असेल तर ते एवढेच होय. आपल्या हातून याहून अधिक घडो, आणि ते संकट येण्यापूर्वी घडो, अशी प्रार्थना करतो.